बेचाळीस प्रश्नांचा चष्मा

चष्मेवाल्यांच्या लेकीने संगणकाला डोळे तपासायला शिकवलं. पडद्यावर बेचाळीस प्रश्न. सगळी उत्तरं एकदम भरा, की नंबर हजर! आत्याचा नंबर बरोबर निघाला, तर तपासणीची खुर्ची सोमवारी विकायची, असं ठरलं होतं. चाळीस वर्षं त्या खुर्चीशेजारी उभं राहिलेल्या माणसाने मग करायचं काय, हा प्रश्न बेचाळिसांत नव्हता.

आत्या म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. 'तक्त्याची शेवटची ओळ दिसते का?' यावर तिने ठसक्यात 'हो' भरलं. संगणक म्हणाला, जुनाच चष्मा ठीक आहे. तो घालून आत्या उठली आणि काचेच्या दारावर आपटली.

"किती स्वच्छ पुसता रे दार!" ती कपाळ चोळत म्हणाली.

"ताई, बस इथे." चष्मेवाल्यांनी भिंग लावलं. "हे बरं की आधीचं?"

"हे."

त्यांनी तेच भिंग काढून परत लावलं. "आणि आता?"

"अगं बाई, आता तर अगदी लख्ख!"

ताई नुसतं मन राखतेय, हे त्यांनी ओळखलं. मग गुपचूप तक्ता उलटा टांगून ते म्हणाले, "खालची ओळ वाच."

आत्याने घडाघडा वाचली. सुलट तक्त्याची!

"तोंडपाठ केलीस?"

"मग काय करू? दिसत नाही म्हटलं, की तुम्ही माझी गाडी काढून घ्याल." आत्या रडवेली झाली.

"दिव्याभोवती कडी दिसतात?"

"दिसतात."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"उजव्याने जास्त."

"मोतीबिंदू वाटतोय. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तो काढून टाकला की खुशाल चालव गाडी."

लेक भराभर लिहून घेत होती. "बाबा, उलट्या तक्त्याचा त्रेचाळिसावा प्रश्न घालते."

"घाल. पुढचं गिऱ्हाईक वेगळीच लबाडी करेल."

"मग एकूण प्रश्न धरू तरी किती?"

"समोरच्याचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढचा प्रश्न मलाच कुठे माहीत असतो?"

लेकीने खुर्ची घेणाऱ्याला फोन लावला आणि ती विकायची नाही, असं सांगून टाकलं. चष्मेवाल्यांना फार बरं वाटलं.

"आता मला शिकवा," ती म्हणाली. "पहिला प्रश्न कुठला?"

"काय होतंय, एवढंच विचारायचं. आणि मग गप्प बसायचं. तेच तुला जड जाईल."