चमकी पट्टीचा चोर

बाळांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एका शेताच्या बांधावर येऊन उभे राहा. दिवाळी नुकतीच सरली आहे. पायाखालची माती अजून ओलसर लागते. समोर उशिरा पिकणारं गरवं भात लोंब्यांच्या भाराने वाकलं आहे. पलीकडे टिटवाळ्याच्या नव्या इमारती दिसतात, आणि त्यांच्यासाठी मुरूम वाहणारे डंपर शेताच्या कडेने धूळ उडवत जातात. भातावर काठीपासून काठीपर्यंत लाल-रुपेरी चमकी पट्टी ताणली आहे. वारा आला की ती फडफडते, उन्हात लखलखते, आणि पाखरं बिचकून लांब पळतात.

दिसली पट्टी? आता नीट बघा. त्या तिकडच्या दोन काठ्यांमध्ये ती नाहीच. तिथे चिमण्यांची पंगत बसली आहे, आणि पंगतीसमोर कमरेवर हात ठेवून धोंडिबा उभा आहे.

"कातरलीय," तो म्हणाला. "वाऱ्यानं तुटली नाय. कातरीनं कापलीय."

"उंदरानं खाल्ली आसंल," त्याची बायको शालन गवताचा भारा बांधता बांधता म्हणाली.

"उंदीर आसा सरळ कापतो? काल तिकडची गेली, आज ही. कोन करतंय ते मला ठावं हाय."

त्याने मान वळवली. बांधापलीकडे गुणाजी म्हशीसाठी गवत कापत होता. या बांधावरून दोघांचं वाकडं होतं. पावसात बांध फुटला की धोंडिबा म्हणे गुणाजीने कोरला, गुणाजी म्हणे धोंडिबाने. दोघांची लग्नं झाली त्याच्याही आधीपासून हे चाललं होतं.

"गुणाजी, पाखरं माज्या भातावर सोडून तुला काय मिळतं रं?"

"मी सोडली? मी काय त्यांना पाळलीत?"

"मग पट्टी कुनी नेली?"

गुणाजी विळा घेऊनच ताठ उभा राहिला. "तुजी पट्टी नेऊन मी काय म्हशीच्या शेपटीला बांधू? बुद्धी गहान टाकलीस का काय धोंड्या?"

"रविवारी देवळापुढं चार मानसं बसवतो. तितं सांग मग."

"बसव की. चोर म्हनलास ना मला? मग शाबीत कर. नायतर त्याच मानसांपुढं माजी माफी मागायची."

धोंडिबा हो म्हणून बसला. चोर धरल्याशिवाय आता सुटका नव्हती.

शनिवारी दिवस बुडताना तो माळ्यावर चढून बसला. चार खांबांवरचा तो माळा पाखरं हाकायला केलेला, आज माणूस हाकायला कामी येणार होता. अंधार भराभर उतरला. टिटवाळ्याकडून शेतातून येणारी गाडवाट पुढे डांबरी रस्ता आडवी ओलांडून गावात जाते, आणि तिथेच रस्त्याला वळण आहे.

थोड्या वेळाने गाडवाटेवर एक दिवा हलताना दिसला. तो सरळ माळ्याच्या रोखानं येत होता. गुणाजीचाच. त्याच्या सायकलच्या हँडलला सुतळीने बॅटरी बांधलेली असायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं. धोंडिबाने श्वास आवरला. दिवा पट्टीजवळ आला आणि एकाएकी गेला.

"बत्ती इझवली चोरानं," धोंडिबा पुटपुटला. "आता कापनार."

तो हळूच खाली उतरला, काठी घेतली, कान देऊन उभा राहिला. कातरीचा आवाज आला नाही. आली ती चेनची कुरकुर, आणि तीही दूर जाणारी, रस्त्याकडे.

तेवढ्यात वळणावरून डंपर आला. ब्रेक असे किंचाळले की झाडावरचे बगळे उठले. त्या झगझगीत उजेडात, डंपरच्या तोंडापासून हातभर अंतरावर, धोंडिबाला गुणाजी दिसला. मागे गवताचा भारा, खाली काळी सायकल, आणि हँडलवरची बॅटरी तशीच पेटलेली. ती विझली नव्हतीच. वाट वळली तशी गुणाजीची बाजू माळ्याकडे झाली होती, आणि बॅटरीचा उजेड त्याच्याबरोबर पुढे तोंड करून गेला होता. बाजूने पाहणाऱ्याला, मग तो माळ्यावरचा धोंडिबा असो की डंपरवाला, नुसता काळोख दिसत होता.

"ए बुढ्ढे, मरना है क्या?" डंपरवाला ओरडला.

"माजी बत्ती चालू हाय ना," गुणाजी म्हणाला. शेवटी तो सायकल हाताने ढकलत पलीकडे गेला.

त्याच वाटेवर मागून आणखी काहीतरी येत होतं. निघालेल्या डंपरच्या उडत्या उजेडात दोन लाल-रुपेरी चाकं नुसतीच गरगरत चालली होती. वर माणूस नाही, खाली सायकल नाही. धोंडिबाने देवाचं नाव घेतलं. दुसरा डंपर वळणावर आला, आणि त्याच्या दिव्यांचा नुसता कवडसा लागताच ती चाकं अशी पेटली की डंपर लांबच हळू झाला आणि थांबला. चाकं रस्ता ओलांडून गेली. जाताना त्यांनी घंटीही वाजवली.

ती घंटी धोंडिबाच्या ओळखीची होती.

तो घरी पोचला तेव्हा टिटवाळ्याच्या क्लासहून आलेली त्याची नात अक्षदा भाकरी खात होती. भिंतीला टेकलेल्या तिच्या सायकलच्या तारांमध्ये चमकी पट्टी विणली होती, आत-बाहेर, आत-बाहेर, टोपलीच्या कामट्यांसारखी.

"अक्षे, ही पट्टी?"

"मी कापलेली, आबा." तिने घास गिळला. "माळ्यावर बसलेली ना मी त्या दिवशी, तेव्हा डंपरचा उजेड पडला की सगळ्या शेतात तेवढी पट्टीच दिसायची. म्हटलं, पाखरांना दिसते तर ड्रायव्हरला पण दिसेल. पुढे माझी लाइट आहे, मागे लाल आहे. बाजूने काहीच नव्हतं."

"इचारायचं नाय?"

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

शालन चुलीपुढे हसली. "काखंत कळसा आन गावाला वळसा. आता उद्या देवळापुढं काय सांगनार?"

धोंडिबा पायाचा चिखल काढायला बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "अक्षे, उरलीय का थोडी? सकाळी त्या गुणाजीच्या चाकांना बांधून ये. आज वाचला बेटा. माजं नाव घेऊ नको."

पण संशय काही एकाच घरी राहत नाही, बाळांनो. रविवारी देवळापुढं माणसं जमली, आणि गुणाजी सायकल ओढतच आला. मागच्या चाकाची पट्टी त्याने ओरबाडून हातात घेतली होती.

"बघा," तो म्हणाला. "चोर सापडंना, म्हनून यानं रातीत माल माज्याच चाकाला बांधला. म्हंजे मी चोर. आक्कल बघा."

लोक धोंडिबाकडे पाहू लागले. धोंडिबाने टोपी काढली, परत घातली.

"मी कापली पट्टी," अक्षदा पुढे होऊन म्हणाली. "बांधली पण मीच."

"आज्यानं पढवलीय पोरीला."

तेव्हा धोंडिबा बोलला. "नाय पढवली. माजी चूक झाली गुणाजी. तू चोर नाय."

गुणाजीने डोळे बारीक केले. चाळीस पावसाळ्यांत जे ऐकलं नाही ते एकदम ऐकून त्याचा संशय दुप्पट झाला. "येवढं गोड? यात कायतरी हाय."

"संध्याकाळी माळ्यावर या गुणाजीबाबा," अक्षदा म्हणाली. "आणि ही सायकल आजच्या दिवस माझ्याकडे द्या."

संध्याकाळी दोघे म्हातारे एकाच माळ्यावर बसले, मधे तिसरा माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. खाली गाडवाटेवर, रस्त्यापासून चांगलं लांब, अक्षदा गुणाजीची सायकल चालवू लागली. वळणावर डंपरचा उजेड शेतावरून फिरला. अंधारात एकच चाक लखलखत पुढे चाललं होतं.

"एकच?" गुणाजी पुढे झुकला. "मागचं चाक कुटं गेलं?"

"तू उपटलंस," धोंडिबा म्हणाला.

"आन काल मी..."

"काल दोन्ही नव्हती. मी हितंच व्हतो. तू बत्ती इझवलीस आसं मला वाटलं."

एकटं चाक वाटेच्या टोकाला जाऊन परत फिरलं. मग गुणाजीने विचारलं, "आन बांध?"

"बांधाचं येगळं," धोंडिबा म्हणाला.

"हा. बांधाचं येगळंच."

खाली अक्षदाने सायकल स्टँडवर लावली. माळ्यावर काय ठरतंय याची तिने वाट पाहिली नाही. दफ्तरातून कातर काढली, आबांच्या भातात शिरली, आणि सगळ्यांच्या देखत पुढच्या दोन काठ्यांमधली पट्टी कापून मागच्या चाकाच्या तारांतून ओवायला बसली.