रोज हजर

मी दुसरीच्या वर्गाचा हजेरीपट बोलतोय. निळा पुठ्ठा, तांबड्या रेघा. माझ्यात जे लिहितील तेच मी सांगतो; तेवढंच मला येतं.

माझ्या तेविसाव्या ओळीत एक सात वर्षांची मुलगी होती. सगळे तिला खारूताई म्हणायचे. ती इतक्या मोठ्यानं "हजर बाई!" म्हणायची की सगळा वर्ग हसायचा. हजेरी झाली की बाई मला तिच्याच हातात द्यायच्या.

"जा, ऑफिसात ठेव आणि बाळाजवळ बस. तू माझा उजवा हात गं!"

बाईंच्या बाळाला घरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून ते व्हरांड्यात सतरंजीवर असायचं. आत मुलं अक्षरं घोकायची, बाहेर खारूताई बाळाचं नाक पुसायची. शाळा सुटेपर्यंत. पहिलीतही हेच चाललं होतं, असं कपाटातल्या माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे गेल्या वर्षीच्या हजेरीपटानं, मला सांगितलं.

एकदा मला ऑफिसात नेता नेता ती शिपाईमावशींपाशी टेकली. बाळ झोपलं होतं. मावशींनी माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक क काढून दाखवला. खारूताईनं त्याखाली नऊ काढले. पहिला उलटा, दुसरा लंगडा, नववा अगदी मावशींच्यासारखा.

"अगं, एका बैठकीत?" मावशी म्हणाल्या, आणि घंटा द्यायला उठल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली झाली.

मग मागे पडलेल्या मुलांच्या तपासणीच्या मॅडम आल्या. त्यांनी खारूताईपुढे अक्षरांची कार्डं मांडली. तिला एक क तेवढा ओळखता आला.

मॅडम घाईच्या नव्हत्या. म्हणाल्या, "हिला जमत नाही, की हिला कुणी शिकवलंच नाही? आधी हजेरी दाखवा."

त्यांचं बोट माझ्या तेविसाव्या ओळीवरून फिरलं. ह, ह, ह, ह. मग भावालाही काढलं. तिथंही तेच.

"एकही खाडा नाही. दोन वर्षं वर्गात बसून एकच अक्षर?"

तिच्या आईलाही बोलावलं होतं; ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. ती उभ्यानंच म्हणाली, "एकदा सांगितलेलं विसरत नाही हो ती. कपडा बघून सांगते, कुठल्या घरचा."

"प्रेम वेगळं, तपासणी वेगळी, ताई." मॅडम खारूताईकडे वळल्या. "रोज वर्गात बसतेस ना गं?"

खारूताईनं बाईंकडे पाहिलं. बाई बाळाचं टोपडं नीट करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंच्या उजव्या हातानं, खारूताईनं, मान हलवली. हो.

कागदावर लिहिलं गेलं, 'आकलन कमी.' आता ती शेवटच्या खोलीत, असाच शेरा मिळालेल्या मुलांबरोबर, मणी ओवते. तिथं पाटी नाही, फळाही नाही.

माझी तेविसावी ओळ तांबड्या शाईनं खोडलीय. बाळाजवळ आता अकराव्या ओळीतली मुलगी बसते. तिचाही एक खाडा नाही.

मला उघडण्याआधी कुणीतरी एकदा पालथं घाला हो. पण लवकर. ती नवी मुलगी मला रोज छातीशी धरून ऑफिसात नेते, आणि तिच्या तळव्यानं मागच्या पुठ्ठ्यावरचे ते नऊ क पुसट होत चाललेत.