नाव पुकारलं आणि घात झाला

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तोंड चेपलेलं, पण बडबडीची खोड न गेलेला. सारसोळ्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मंडपवाल्याने मला आणलं, त्याला आता खूप वर्षं झाली. हळदीला, लग्नाला आहेर कोणी दिला, काय दिला, ते मी गावभर पुकारायचो. ज्याचं नाव राहील तो न जेवताच उठायचा. एवढा माझा मान! त्या मानाने मी फार फुगलो होतो.

एकोणऐंशीच्या सुमाराला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मिठागरात राबलेला गोटीराम दांडग्या पोपटशेठविरुद्ध उभा राहिला आणि नऊ मतांनी पडला. पण त्याला वाईट वाटायच्या आधी मतं देणाऱ्या लोकांबद्दल उमाळाच दाटून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला टेम्पोच्या टपावर बांधलं आणि आभार मानायला निघाला.

आभार कसे मानायचे, तर आमच्या गावाला एकच रीत माहीत. आहेर पुकारतात तसे, नावानिशी! गोटीराम घरोघर थांबून मतं देणाऱ्यांची नावं घेऊ लागला. मीही जोर लावून ओरडत होतो. सगुणाबाईच्या दारात आल्यावर तो म्हणाला, "आमची सगुणाबाय, घरच्यांना न भिता मत दिलास, तुजा उपकार इसरनार नाय!"

सगुणाबाई पोपटशेठच्या मेलेल्या भावाची बायको. नवऱ्याच्या एका होडीवर ती दोन मुली पोसत होती. मत कोणाला दिलं हे तिने फक्त गोटीरामच्या बायकोच्या कानात सांगितलं होतं. पलीकडच्या आळीत पोपटशेठच्या गुलालाची मिरवणूक चालली होती. तिथला ताशा एकदम थांबला.

मग माणसं धावत आली. गुलालाने माखलेली, हातात वल्ही आणि कोयते. पोपटशेठ ओरडला, "आपल्याच घरान फितूर हाय!" त्यांनी टेम्पोच्या काचा फोडल्या, गोटीरामला खाली ओढून लाथांनी तुडवला. मला वल्ह्याचा तडाखा बसला आणि मी सगुणाबाईच्या अंगणात जाऊन पडलो. तिथून मला सगळं दिसत होतं. दोघांनी अंगणाच्या कडेला ओढून ठेवलेली तिची होडी कुऱ्हाडीने फोडायला घेतली. ती आडवी पडली, तेव्हा तिच्या उजव्या हातावर वल्हं बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मुली ओट्यावर किंचाळत होत्या आणि सारा गाव दारं लावून बसला होता. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

चार दिवसांनी, मी अजून त्याच अंगणात पडलेला असताना, गोटीराम डोक्याला पट्टी बांधून तिच्या दारात आला. हात जोडून रडू लागला. म्हणाला, "माजी होडी तुला, सगुणा. तुजा आभार कसा..."

मोडका हात गळ्यात अडकवलेली सगुणाबाई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आभार मानाचा हाय ना? मंग आदी आत ये आनि दार लाव."

दार लागलं. आत ती दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि तेच बरं झालं. मित्रांनो, कोणी विश्वासाने तुमच्या कानात काही सांगितलं, तर कौतुकासाठीसुद्धा ते माझ्यासारख्याच्या तोंडी देऊ नका.