उभं राहायची जागा

आमच्या चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीत सगळे पुरुष. माझ्या सुनेने चर्चमध्ये उपदेश करावा की नाही, यावर त्यांनी इतका खल केला की तोवर तिचं शिक्षण झालं, दीक्षा झाली आणि ती मदतनीस पाळक म्हणून कामालाही लागली. मग तोडगा निघाला. बाईने बोलावं, पण पायऱ्या चढून जायच्या त्या उंच पुलपिटावरून नाही. खाली, पहिल्या बाकासमोर, लाकडी स्टँड ठेवून त्यामागून बोलावं. वरून बोललं की उपदेश, खालून बोललं की मनोगत.

मी पहिल्या बाकावर बसते. ती अगदी माझ्या नाकासमोर उभी असायची आणि मागचे लोक माना उंचावून ऐकायचे. "आई, मला चालतं," ती म्हणायची. मला चालत नव्हतं. तिला हवं होतं एकच, आमचे मुख्य पाळकसाहेब निवृत्त झाले की ही मंडळी सांभाळायची.

मग पाळकसाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पुलपिटाच्या पायऱ्या चढायला त्यांना इतका वेळ लागे की पेटीवाला गीताचं शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा वाजवत बसे. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. साहेब खाली आले, सुनेच्या स्टँडमागे उभे राहिले आणि तिथे रमले. इथून लोकांचे चेहरे दिसतात, म्हणाले.

कमिटीची झोप उडाली. मुख्य पाळकांच्या जागी बाई कशी उभी राहणार? अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी चर्चभर फिरून दुसरी जागा शोधली. डावीकडे पेटी, उजवीकडे बाप्तिस्म्याचं कुंड, मागे प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे आणखीच पवित्र.

"वर रिकामंच आहे की," मी बाकावरून म्हटलं. मी टोमणा मारला होता. मास्तरांनी तो लिहून घेतला.

ठराव एकमताने झाला. मुख्य पाळक उभे राहतात ते पुलपिट, तिथे बाईने उभं राहायचं नाही. वरचं आता नुसतं सामान, ती जागा मदतनिसाची. पुढच्या रविवारपासून साहेब खाली आणि सून वर. तिचा आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत जायला लागला.

साहेब निवृत्त झाले. तिने अर्ज केला. सभेत तिचं इतकं कौतुक झालं की मला धास्तीच वाटली. बोलते छान, आजाऱ्यांची विचारपूस करते, मयतीला सगळ्यांच्या आधी पोचते. मग मास्तरांनी चष्मा पुसला.

"पात्रतेचा प्रश्नच नाही, काकू. पण मुख्य पाळक झाल्या तर त्या उभ्या कुठे राहणार? खाली बाईने उभं राहायचं नाही, आणि वरची जागा मदतनिसाची. ठरावाने आमचे हात बांधलेत."

"मग ठराव बदला."

"असे ठराव बदलत गेलो तर शिस्त काय राहील?"

अख्ख्या कमिटीने गंभीरपणे माना हलवल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नेमणूक एका तरुणाची झाली. सुनेने त्याला घराघरांत नेऊन कोणाचं काय दुखतंय ते सांगितलं. पहिल्या रविवारी तो उठला, स्टँडकडे त्याने पाहिलंही नाही, आणि ढांगा टाकत थेट वर चढला. त्याचे गुडघे चांगले होते. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गीतपुस्तकात पाहत होते.

त्या दिवशी शास्त्रवाचन सुनेकडे होतं. ती माझ्या शेजारी बसली होती. मास्तरांनी तिला खालच्या स्टँडकडे जायची खूण केली. ती उठली नाही. पेटीवाला खोकला. शेवटी मास्तर वाकून आमच्या बाकापाशी आले.

"या ना, रिकामाच आहे स्टँड."

"तिथे बाईने उभं राहायचं नाही, मास्तर," ती हळूच म्हणाली. "ठराव आहे. बदलत गेलो तर शिस्त काय राहील?"

मी तिचा हात धरला. वरून नवा पाळक खाली बघत राहिला, मास्तर तसेच वाकलेले राहिले, आणि त्या रविवारी वाचन झालं नाही.