चालत्या गाडीतली स्वाती

लातूरला चार दिवस थोरल्या बहिणीचं, कमलम्माचं, दुखणं काढून मी आणि सून पुनम नांदेडच्या एसटीत बसलो. पाय सुजले होते. चातुर्मासात माझं नक्तव्रत असतं. दिवसभर उपास, संध्याकाळी चांदणी दिसली की जेवण. माझ्या सासूबाईंची एक अट होती, चांदणी जमिनीवर थांबून बघायची. धावत्या गाडीतली धरायची नाही.

अहमदपूर सुटलं आणि ढगांच्या फटीतून स्वातीची चांदणी दिसली. मी हात जोडले, पण डबा उघडला नाही. लोह्याला गाडी थांबली तेव्हा उतरून बघितलं, तर आभाळ गच्च. म्हणजे आता उद्या संध्याकाळपर्यंत काही नाही.

“आत्याबाई, शुगरची गोळी घेतलीय तुम्ही. हात कापून राहिलाय,” पुनम म्हणाली.

“कापू दे. नेम हाय माझा.”

“खिडकीतून दिसली की.”

“गाडी पळत होती ना बाई.”

“आन् अंगणात तुम्ही थांबलेल्या असता व्हय?”

पुनम कॉलेजात फिजिक्स शिकवते. म्हणाली, “सरळ पडणारा पाऊससुद्धा स्कूटरवर तोंडावर येतो ना? तसा चांदणीचा उजेड. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर पळते. म्हणून अंगणातूनही चांदणी जराशी सरकलेलीच दिसते. मोठ्या दुर्बिणी त्या हिशोबानं जराशा तिरक्या धरतात.”

“म्हणजे तीस वर्षं मी भलतीकडंच हात जोडले?”

ती माझ्याकडं वळली. मग हळूच म्हणाली, “तसं न्हाई. तुमच्या जागेवरून ती तिथंच दिसणार. थांबलेलं कुणीच न्हाई, आत्याबाई. उजेड मात्र पळणाऱ्याकडं आन् बसलेल्याकडं एकाच वेगानं येतो.”

“मग ह्या एसटीनं किती सरकली असंल?”

ती हसली. “ही खटारा? अंगणातून सरकते त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढीही न्हाई.”

सासूबाईंना विचारावं, तर त्या नाहीत. वाद घालायची ताकद नव्हती. पण थकले म्हणून नेम मोडला, असं नको होतं मला.

“खरं सांगतीस ना? मला जेवू घालायला म्हणून न्हाई?”

“परीक्षेला हेच विचारते मी पोरांना.”

डबा उघडला. गार भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास कपाळाला लावला. कुठल्या दिशेला बघून लावावा, हे ठरवायचं त्राण नव्हतं. माझे दोन घास झाले तसा पुनमनं घाईनं डब्यात हात घातला.

“तू कुणाचा नेम धरलीस गं?”

“तुमच्यासमोर कशी खाऊ? सकाळपासून वाट बघून राहिले,” ती भरल्या तोंडानं म्हणाली.

मी डबा तिच्याकडं सरकवला.