बादलीभर तण

अण्णांनी फवारणीच्या पंपाचं नोझल फिरवून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"अण्णा, ते इकडे द्या," लेक म्हणाली.

"काय?"

"खिशात घातलंत ते. मी काय आंधळी आहे?"

"तुझ्या आईनं या बागेत कधी औषध मारू दिलं नाही. आता ती नाही, म्हणून मारायचं?"

 लेकीनं तणनाशकाची बाटली पायरीवर ठेवली. उद्या सकाळी तिला परत जायचं होतं. जाण्याआधी बाग जरा माणसात यावी, एवढंच तिच्या मनात होतं. अण्णांचे गुडघे तिला माहीत होते.

"संध्याकाळपर्यंत हा वाफा हातानं निघाला तर निघाला," ती म्हणाली. "नाहीतर मी फवारून जाणार. मग रुसायचं नाही."

"बघ तू."

"बघतेच आहे."

ती कुंपणाच्या टोकाला बसली. अण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जुनं पोतं अंथरलं, भिंतीला हात लावून ते खाली बसले आणि खुरपं हातात घेतलं.

लेकीच्या टोकाला तण विरळ होतं. तिथं वाळल्या पाल्याचा जाड थर होता, तो तिच्या आईनं मागेच पसरून ठेवला होता. थर बाजूला केला की खालची माती ओलसर आणि मऊ लागत होती. अण्णांच्या टोकाला मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीला चिकटून पसरणारं, मुळ्यासारखं लांब मूळ असलेलं ते हट्टी तण सगळीकडे माजलं होतं.

ते ओढून निघत नाही. खुरपं बाजूनं घालायचं, माती सैल करायची, मग बुडाशी धरून अलगद वर घ्यायचं. हे बायकोनं त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की ते वैतागायचे. त्यांनी वरवर उपटलेलं पाहिलं की ती म्हणायची, "तुम्ही तण काढत नाही हो, जमिनीची हजामत करता. आठ दिवसांत पुन्हा दाढी!"

आज त्यांनी घाई केली नाही. खुरपं बाजूनं घातलं, माती हलवली. मूळ सबंध वर आलं. बोटाएवढं जाड, वरच्या बाजूला आडवं तुटलेलं. तुटलेला भाग काळा पडला होता आणि त्याच्या कडेनं चार नवे फुटवे आले होते.

हा आपलाच जुना पराक्रम, असं त्यांना वाटलं. शेजारचं काढलं, तेही तसंच. त्याच्या पलीकडचंही.

मग त्यांचा हात थांबला. या टोकाला त्यांनी कधी खुरपं लावलंच नव्हतं. तिनं लावू दिलं नव्हतं. आजारपणाच्या शेवटच्या दिवसांत ती इथंच बसायची, दाराजवळ, बुटक्या स्टुलावर. ते मदतीला गेले की हातानंच झिडकारायची. संध्याकाळी बादली उचलून दाखवायची. काठोकाठ भरलेली असायची.

आणि रात्री फोनवर ते लेकीला सांगायचे, "आज बादली भरली तिनं. बोटं चांगली चालतायत. तू धावपळ करू नकोस, सुट्टी मिळेल तेव्हाच ये."

लेक सुट्टी मिळाल्यावरच आली होती. तोवर आईचं बोलणं थांबलं होतं.

नुसता वरचा पाला तोडला तरी बादली लवकर भरते; मूळ काढायला बोटांत जोर लागतो. अण्णांनी हातातल्या मुळाची माती अंगठ्यानं पुसली. मग ते मूळ आणि बाजूला पडलेली दोन्ही त्यांनी पोत्याखाली सरकवली.

"अण्णा, दमलात?"

"नाही."

लेकीचं टोक उरकलं होतं. बादली घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "हे इथंच कसं एवढं माजलं? आईनं तर हाच भाग काढला होता ना?"

"काढला होता."

"मग?"

"बी आलं असेल वाऱ्यानं," अण्णा म्हणाले. "पलीकडे रिकामी जागा पडलीय. तिथं काय कमी आहे?"

 ओढणी कमरेला खोचून लेकीनं खुरपं मातीत घातलं. तिचा हात आईसारखाच चालत होता, बाजूनं, सावकाश. मूळ वर आलं. तिनं ते उन्हाकडे धरलं, काळ्या भागावरून बोट फिरवलं. आणखी एक काढलं. दोन्ही शेजारी शेजारी धरून ती बराच वेळ बघत राहिली.

अण्णा दुसरीकडेच माती उकरत होते. तिथं तण नव्हतं.

लेकीनं दोन्ही मुळं बादलीत तळाशी ठेवली आणि त्यांच्यावर मूठभर पाला टाकला. मग मनगटानं नाक पुसलं.

"वारा फार होता का हो तेव्हा?"

"फार," अण्णा म्हणाले.