ढालीवरचा बिनखुणेचा पाव

तीन गावं एक झाली, म्हणून त्यांच्या एकत्र पंचायतीच्या नव्या मानचिन्हात हिरव्या ढालीवर तीन कणसं. छान! आणि हाझेनविंकेल? त्याच पंचायतीतली ती अकरा घरांची वाडी ढालीवर कुठेच नव्हती. इर्मट्राउड केटलर तिथेच जन्मली, तिथेच म्हातारी झाली. ढालीवर जागा नाही म्हणजे पुढच्या पिढीच्या तोंडी नावही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चौथं कणीस काढा की! तुमचं काय जातंय?" ती सभेत कडाडली.

सरपंच फोल्कमारनं कपाळाला हात लावला. "काकू, वरून पत्र आलंय. ढालीवर गर्दी नको म्हणे. आणि अकरा घरं म्हणजे काय गाव झालं?"

"आमच्या भट्टीत तुमचे पाव भाजतात, तेव्हा नाही मोजत घरं!"

सगळे हसले. इर्मट्राउड तणतणत घरी गेली.

शनिवारी मात्र तिनं नेहमीसारखी भट्टी पेटवली. राग माणसांवर, पावावर नाही. तिन्ही गावांतून लोक कणकेचे गोळे घेऊन आले. अदलाबदल नको म्हणून जो तो आपल्या गोळ्यावर सुरीनं खूण करी. फोल्कमारनंही तीन रेघा ओढल्या. दुपारी पाव बाहेर आले, ज्याचे त्यानं उचलले. मधोमध एक साधा गोल पाव उरला.

"ह्यावर खूण करायला कोण विसरलं?" फोल्कमारनं विचारलं.

"विसरतंय कोण? तो आमचा. भट्टी वाडीची, राखण वाडीची. खुणा पाहुण्यांनी करायच्या, उरेल तो आमचा." बोलता बोलता ती थबकली. फोल्कमार पावाकडे बघतच राहिला.

संध्याकाळच्या सभेत तिनं तो पाव टेबलावरच्या ढालीच्या चित्रात, तीन कणसांच्या मधोमध ठेवला. "हे काढा. एक पिवळा गोल. झाली का गर्दी?"

चित्रकार कुरकुरला, "लोक सूर्य समजतील, काकू."

"समजू देत! आपल्याला ठाऊक आहे ना?"

फोल्कमारनं मूठ वळून बोटांच्या पेरांनी टेबलावर ठकठक केली. सभेत टाळ्या वाजवायची तिथे रीतच नाही, पसंती अशीच सांगतात. शेजारच्यानं ठोकलं, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि बघता बघता सगळं टेबल दणाणलं. इर्मट्राउडचे डोळे भरून आले.

"पुरे रे मेल्यांनो," ती म्हणाली, "टेबल मोडाल. सुरी आणा कुणीतरी, पाव सगळ्यांना पुरेल."